पहिल्या आग्रहाला हो

आमच्या हेग्लंडमध्ये कॉफी तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतात. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, "छे छे, नको." दुसऱ्यांदा, "कशाला उगाच, तुमच्यापुरतीच असेल." तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याने जणू हात पिरगाळलाय असा एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "बरं, अर्धा कप. आधीच केलेली असेल तरच." आणि मग तीन कप प्यायचे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर बाहेरगावचा.

वड्यांचंही तेच. चर्चच्या तळघरात काही कार्यक्रम असला की लिंबाच्या वड्यांचा ट्रे येतो. तो बघता बघता रिकामा होतो, पण शेवटची वडी कोणी उचलत नाही. कोणीतरी सुरीने तिचा अर्धा भाग कापून घेतं. पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा घेतो. शेवटी मुंगीला नाश्त्याला पुरेल एवढा तुकडा उरतो आणि हॉटेलवाली लाव्हॉन तो ट्रे धुताना पाण्यात सोडते. आमचे खापरपणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आले तेव्हा त्यांना गुरंढोरं आणता आली नाहीत, पण ही भीड मात्र बोटीतून नीट, न सांडता आणली.

तसं हे सगळं निरुपद्रवी आहे. फक्त त्यापायी मारित ओस्बीचं मेडिकल कॉलेज गेलं.

मारित म्हणजे साखरेच्या बीटची शेती करणाऱ्या आर्ने ओस्बीची मुलगी. दिवसा गावच्या दवाखान्यात लोकांचं रक्त काढते आणि गरज पडेल तेव्हा माझ्याबरोबर गावच्या अँब्युलन्सवर असते. आमची अँब्युलन्स बिनपगारी, हौसेवर चालणारी. मी गाडी चालवतो आणि ती मागे बसून माणूस जिवंत ठेवते. ही वाटणी योग्यच आहे. शाळेत मला जीवशास्त्रात पास केलं ते सरांना पुढच्या वर्षी पुन्हा माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. मारित त्याच सरांची लाडकी. चौथीत असताना तिने मेलेल्या खारीचं पोट उघडून सगळ्या वर्गाला आतडी दाखवली होती, आणि ती बघून बेशुद्ध पडला तो मी.

डॉक्टर व्हायचं हे तिचं तेव्हापासून ठरलेलं. कॉलेज झालं, प्रवेश परीक्षा झाली, मार्क उत्तम आले, अर्ज गेले. एका मेडिकल कॉलेजने तिला वेटिंग लिस्टवर ठेवलं. आणि जुलैतल्या एका दुपारी, ती लाव्हॉनच्या हॉटेलात बसलेली असताना, त्या कॉलेजातून फोन आला. मी शेजारच्या टेबलावर होतो. लाव्हॉन काउंटरवर होती. म्हणजे साक्षीदारांची कमतरता नाही.

फोनवरच्या बाई म्हणाल्या, एक जागा रिकामी झाली आहे, तुम्हाला हवी आहे का?

आणि मारित म्हणाली, "अगंबाई, छे छे. माझ्यासाठी कशाला त्रास? दुसऱ्या कुणाला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल."

असं म्हणून ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिली. हसून, मान जराशी वाकडी करून. आम्ही सगळे करतो तशीच.

त्या बाई लांबच्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "बरं, कळवल्याबद्दल आभार. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा." आणि फोन ठेवला.

मारित कानाला फोन लावून तशीच बसून राहिली. बराच वेळ. लाव्हॉन म्हणाली, "काय गं, कोण होतं?" तर म्हणे, "थांब, विचारतायत."

लगेच परत फोन करून सांगायचं ना, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टर ओक्वोसाही हेच म्हणाल्या, पण त्या आमच्या गावात आल्या ते खूप नंतर. आपण होऊन फोन करायचा आणि म्हणायचं मला ती वस्तू द्या, हे आमच्याकडे वडीच्या ट्रेमध्ये दोन्ही हात घालण्यासारखं आहे. मारितने धीर गोळा करेपर्यंत आठवडा गेला. तोवर जागाही गेली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या गावात राहायलाच आहे.

पुढे तिने तो विषयच बंद केला. कोणी विचारलं तर म्हणायची, "बघू." आमच्या भाषेत बघू म्हणजे नाही. आर्नेला खुब्याचं ऑपरेशन निघालं, मग बीटचा एक वाईट हंगाम, मग एक चांगला हंगाम, आणि चांगल्या हंगामात तर मान वर करायला वेळ नसतो. अशी वर्षं गेली.

मग आल्या डॉक्टर ओक्वोसा. नायजेरियाच्या. सरकारी कराराने तीन वर्षांसाठी आमच्या दवाखान्यात आलेल्या. त्याआधी गावाला डॉक्टर नव्हताच, बुधवारी एक फिरता यायचा आणि बर्फ असला की तोही यायचा नाही. पहिल्या महिन्यात डॉक्टरांचा समज झाला की हे जगातलं सर्वांत ठणठणीत गाव आहे. ज्याला विचारावं, काय होतंय, तो म्हणे, काही नाही, सहज आलो होतो. एकदा ऑर्व्हिल ट्वेट दवाखान्यात आले होते. ऐंशीच्या पुढचे, एकटे राहणारे, माझ्या मते गावातले सगळ्यांत भिडस्त. डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतंय?"

"नाही नाही."

डॉक्टर त्यांना घरी पाठवणार, तेवढ्यात रक्त काढणारी मारित सुई हातात धरून म्हणाली, "ऑर्व्हिल, अजिबात नाही?"

"अजिबात म्हणजे... तसं नाहीच."

"तसं नाही म्हणजे कसं?"

"म्हणजे परवा रात्रीपासून कोणीतरी छातीवर ट्रॅक्टर उभा केल्यासारखं आहे. पण छोटा ट्रॅक्टर."

ऑर्व्हिल वाचले. डॉक्टरांनी त्या दिवसापासून प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायला सुरुवात केली आणि गाव एकदम भयंकर आजारी निघालं.

मारितच्या फोनची गोष्ट डॉक्टरांना लाव्हॉनने सांगितली. मी तिथेच होतो. डॉक्टरांनी हातातला काटा खाली ठेवला.

"नको म्हणाली? मेडिकलची जागा? नको म्हणाली?"

"पहिल्यांदाचं नको होतं ते," लाव्हॉन म्हणाली.

"आमच्या एनुगूत पाहुणी जेवायला नको म्हणाली तर घरची बाई विचारते, का, मी विष घातलंय? आणि मग तिला बसवून दुप्पट वाढते. तुम्ही लोक उपाशी मराल एक दिवस. शिष्टाचाराने मराल."

"बरेच गेलेत तसे," लाव्हॉन म्हणाली. "अजून थोडं वाढू?"

"वाढ," डॉक्टर म्हणाल्या. पहिल्याच विचारण्याला. लाव्हॉनला अजून त्याची सवय झालेली नाही.

डॉक्टरांनी मारितला दवाखान्याच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि अर्ज भरायला लावला. तिथे नवीनच कळलं. मार्कांना मुदत असते. तीन वर्षं. मारितच्या मार्कांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे परीक्षा पुन्हा द्यायची, पहिल्यापासून, सगळे विषय.

ही बातमी लाव्हॉनच्या हॉटेलात पोचली तेव्हा गाव खवळलं, म्हणजे आमच्या मानाने खवळलं. दोघातिघांनी कप जरा जोरात ठेवले.

"मार्क म्हणजे काय दूध आहे का नासायला?" आर्ने म्हणाला.

"माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली," लाव्हॉन म्हणाली. "आत काही उरलं नाही, पण त्या सर्टिफिकेटवर कुठे तारीख नाही."

 नंतर मारित अँब्युलन्सच्या गॅरेजमध्ये मला म्हणाली, "एमिट, मी बत्तीस वर्षांची आहे. एकदा देते. ही शेवटची. नाही झालं तर बीट."

"बीटमध्ये काय वाईट आहे?" मी म्हटलं. मी हंगामात बीटच्या वजनकाट्यावर असतो, त्यामुळे मला जरा लागलं.

"काही नाही. फक्त बीटला काय दुखतंय ते विचारता येत नाही."

अभ्यास सुरू झाला. अँब्युलन्सच्या पुढच्या काचेखाली तिने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या रचल्या. भिंगाचं सूत्र, आम्लं, हार्मोनची नावं. कुठे निघालो की मी एका हाताने गाडी चालवत चिठ्ठी वाचायचो आणि ती उत्तर द्यायची. माझे उच्चार ऐकून तिला विचारावं लागायचं की हा हार्मोन आहे की नॉर्वेतलं गाव. बीटच्या हंगामात ती रात्रपाळीला आर्नेचा ट्रक चालवायची आणि काट्यावर रांगेत उभी असताना आतल्या दिव्यात वाचायची. मागचा ट्रक हॉर्न वाजवायचा नाही. आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत. तो उतरून यायचा आणि काचेवर बोटाने टकटक करून म्हणायचा, "घाई नाही हं."

विज्ञान तिला येत होतं, म्हणजे आठवत होतं. घोडं अडलं ते उताऱ्यांपाशी. परीक्षेत एक भाग असा आहे की त्यात विज्ञान नाहीच. कुठल्या तरी चित्रकारावर, कुठल्या तरी पुलावर मोठमोठे उतारे, आणि खाली प्रश्न: लेखकाचं ठाम मत काय? मारित दर वेळी सगळ्यांत मवाळ पर्याय निवडायची. लेखकाने पानभर त्या चित्रकाराची खरडपट्टी काढलेली असायची आणि ही खूण करायची, 'लेखकाला काही बाबतींत थोडी शंका आहे.'

एकदा लाव्हॉनच्या हॉटेलात तिने एक उतारा सगळ्यांना वाचून दाखवला. सकाळची वेळ, शेतकरी मंडळी टोप्या घालून बसलेली.

"सांगा, लेखकाला काय वाटतं?"

 आर्ने म्हणाला, "वाटत असेल काहीतरी."

"पण काय?"

"ते आपण कशाला बोलावं? त्याचं तो बघेल."

ऑर्व्हिलनी बराच विचार केला. "माणूस चांगल्या घरचा वाटतो," ते म्हणाले. "घाईत असेल."

डॉक्टर ओक्वोसांनी तिथेच कपाळाला हात लावला. आणि तिथेच त्यांनी नियम काढला. लाव्हॉनला बोलावून म्हणाल्या, "आजपासून या मुलीला कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. हो म्हणाली तर द्यायची. नको म्हणाली तर उचलून न्यायची. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. गावात कोणीच नाही."

"डॉक्टर," लाव्हॉन म्हणाली, "ही क्रूरता आहे."

"परीक्षेत पास होईल. मग परत एक फोन येईल. तेव्हा काय करणार आहात?"



पहिल्या दिवशी लाव्हॉनने मारितसमोर आंबटगोड रूबार्बच्या वड्यांची बशी धरली. "घेणार?"

"छे, नको," मारित म्हणाली, सवयीने.

लाव्हॉनने डोळे मिटले आणि बशी नेली. मारितची नजर त्या बशीमागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. सगळं हॉटेल चमचा हलवायचं थांबलं होतं. कोपऱ्यात कोणीतरी पुटपुटलं, "देवा."

खरा त्रास मारितला झालाच नाही, तो झाला आम्हाला. एकदा विचारून गप्प बसायचं म्हणजे शिंक आवरण्यासारखं आहे. दुसरा आग्रह घशाशी येऊन बसतो. लाव्हॉनचा रक्तदाब वाढला. आर्ने तर मुलीला सकाळी अंडी विचारायचा, ती नको म्हणायची, मग तो तोंड वळवून कुत्र्याला म्हणायचा, "काय रे, अंडी खूप छान झालीयत, नाही? खूपच उरलीयत, नाही?" कुत्र्याचं वजन वाढलं. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी आर्नेला दवाखान्यात बोलावून झापलं.

थँक्सगिव्हिंगपर्यंत मारित पाचातल्या तीन वेळा पहिल्याच फटक्यात हो म्हणू लागली. हो म्हणताना लाल व्हायची, पण म्हणायची. आणि गंमत म्हणजे उताऱ्यांतली उत्तरंही बरोबर यायला लागली. मी विचारलं, हे कसं? म्हणाली, "काय माहीत. लेखकाला राग आला असेल तर येऊ दे, असं वाटायला लागलंय."

परीक्षा जानेवारीत, फार्गो शहरात. मीच घेऊन गेलो. बाहेर इतकी थंडी की नाकातले केस कडक झाले. मारितने डब्यात हॅमचं सँडविच आणि आदल्या दिवशीची हॉटडिश, म्हणजे बटाटे आणि खिमा घालून भट्टीत भाजलेला आमचा नेहमीचा पदार्थ, घेतली होती. परीक्षेच्या ठिकाणी तिचे खिसे उलटे करून पाहिले, चष्मा काढून दांडीच्या आत काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि तळहात एका यंत्रावर ठेवून आतल्या शिरांचा फोटो काढला. ती त्या माणसाला म्हणाली म्हणे, "छान शिरा दिसल्या का? उजव्या हाताच्या जास्त चांगल्या आहेत." रोज दुसऱ्यांच्या शिरा शोधणारी बाई, तिला राहवलं नाही. तो हसला नाही.

मी दिवसभर एका दुकानात बसून ट्रकचे टायर बघितले. अंधार पडल्यावर ती बाहेर आली. गाडीत बसली, मोजे काढून हीटरवर पाय धरले.

"कसं गेलं?"

"ठीक."

आमच्याकडे 'ठीक' हा चांगला शब्द आहे. 'बरं' त्याच्या खालचा. 'वेगळंच होतं' म्हणजे सत्यानाश. तेव्हा मी खूश झालो आणि गाडी हायवेला लावली. वाऱ्याने बर्फ रस्त्यावरून सापासारखा सरपटत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "एमिट, शेवटी एक गंमत झाली."

"काय?"

"सगळं संपल्यावर कॉम्प्युटर विचारतो. हा पेपर तपासायचा, की रद्द करायचा? रद्द म्हटलं की कोणी बघतच नाही. जसा काही दिलाच नव्हता."

 "आणि तू काय म्हणालीस?"

तिने मोजे हीटरवर वाळत घातले.

"मारित!"

"अरे, इतका वेळ बसून डोकं सुन्न झालं होतं. त्याने विचारलं, तपासू का? मी म्हटलं, कशाला त्रास. म्हणजे हातच म्हणाला. मी रद्दवर बोट ठेवलं."

मी ब्रेक दाबला. बर्फावर ब्रेक दाबू नये हे शाळेतल्या पोरांना गाडी शिकवताना मी स्वतः सांगतो. गाडी हळूच आडवी झाली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. सुदैवाने हायवेवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"रद्द केलास?"

"ऐक तर. त्याने परत विचारलं."

"कोणी?"

"कॉम्प्युटरने. म्हणाला, नक्की? विचार करा, रद्द केलं तर परत मिळणार नाही." ती हीटरकडे बघत होती आणि तिच्या ओठांचा कोपरा हलत होता. "काय सांगू तुला, मला एकदम लाव्हॉनच वाटली. म्हटलं, एवढा आग्रह करतोय बिचारा तर... तपासा."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"संस्कारी मशीन आहे," ती म्हणाली. "आपल्याकडच्याच कोणी बनवलं असेल."

हे ऐकून डॉक्टर ओक्वोसा मात्र अजिबात हसल्या नाहीत. "मशीनने दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "माणूस विचारणार नाही." आणि नियम आणखी कडक झाला. आता फोनवरसुद्धा. गावातला कोणीही कधीही मारितला फोन करायचा, आवाज बदलून म्हणायचा, "जागा आहे, हवी का?" आणि तिने हो म्हणायचं. लाव्हॉन दिवसातून दोनदा करायची. ऑर्व्हिलनी एकदा केला, पण त्यांना विचारणं जमेना. म्हणाले, "मी ऑर्व्हिल. तुला वेळ नसेल तर राहू दे," आणि ठेवून दिला.

मार्क महिन्याभराने आले. मारित म्हणाली, "बरे आहेत." आम्ही घाबरलो, पण डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि इतक्या जोरात ओरडल्या की वेटिंग रूममधले दोघे बरे होऊन घरी गेले. मागच्यापेक्षा जास्त होते, आणि उताऱ्यांचे सर्वांत जास्त. उन्हाळ्यात अर्ज गेला. ऑक्टोबरात, बीटच्या हंगामाच्या ऐन मध्यावर, मुलाखतीला बोलावलं. बूट धुऊन गेली, परत येऊन थेट ट्रकवर चढली.

काट्यावर आली तेव्हा मी विचारलं, "काय विचारलं?"

"तुमची सर्वांत मोठी ताकद कुठली."

हा प्रश्न आमच्यातल्या माणसाला म्हणजे भर चौकात कपडे काढायला सांगण्यासारखा आहे. "मग?"

"म्हटलं, मी परत विचारते."

"आणि?"

"आणि गप्प बसले. मग त्यांनी परत विचारलं, म्हणजे काय? मग ऑर्व्हिलचा छोटा ट्रॅक्टर सांगितला." तिने ट्रक गिअरमध्ये टाकला. "बघू."

बीट संपले. जमीन गोठली. नोव्हेंबर आला आणि फोन काही येईना. मारितने मला सांगून ठेवलं होतं, अँब्युलन्सवर असताना माझा फोन तुझ्या खिशात, अनोळखी नंबर दिसला की उचल. मागच्या वेळची धास्ती. अनोळखी नंबर यायचे, पण ते गाडीचा विमा विकणारे असायचे. त्यांनाही ती हो म्हणते की काय, अशी मला भीती होती.

एका सकाळी ऑर्व्हिलच्या शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. ऑर्व्हिलनी स्वतः बोलावणं शक्यच नव्हतं. आम्ही पोचलो तर ते गॅरेजच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते, शेजारी शिडी आडवी आणि थंडीसाठी लावायची जादा खिडकी मोडलेली. चेहरा मेणासारखा.

"काय झालं, ऑर्व्हिल?"

"काही नाही. जरा बसलोय."

मारित गुडघ्यावर बसली, त्यांचं मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, नाडी अडखळतेय. माणूस शुद्धीवर असला आणि नको म्हणाला की त्याला उचलून नेता येत नाही, असा कायदा आहे. आमच्या गावासाठी हा कायदा फारच घातक आहे.

"हॉस्पिटलला जाऊ या," ती म्हणाली.

"छे छे. तिथे खरे आजारी लोक असतात."

"ऑर्व्हिल, चला."

"तुमच्या गाडीत पेट्रोल वाया. मी आत्ता उठतो." आणि ते उठले नाहीत.

तेवढ्यात माझ्या खिशात तिचा फोन वाजला. लांबचा नंबर. मी उचलला. एक पुरुष म्हणाला, मेडिकल कॉलेजमधून बोलतोय, मारित ओस्बींशी बोलता येईल का?

 मी फोन हाताने झाकला. "मारित. कॉलेज."

"थांबायला सांग," ती म्हणाली. दोन्ही हात ऑर्व्हिलवर.

"हा थांबणारा फोन नाही. तुला माहितीय."

ऑर्व्हिलनी डोळे मोठे केले. अख्ख्या गावाला तो फोन माहीत होता, ऑर्व्हिलना तर होताच. "अगं घे की!"

मारितने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण असं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही गाडीत येताय?"

"मी बरा आहे. तू आधी तो फोन—"

"मी आता परत विचारणार नाही, ऑर्व्हिल. आणि तोही विचारणार नाही. तुम्ही हो म्हणाल, मग मी."

गॅरेजमध्ये कुठेतरी फ्रीज घरघरत होता. फोनमधून बारीक आवाज येत होता, हॅलो? हॅलो? ऑर्व्हिलनी एकदा माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे. ऐंशीहून जास्त वर्षांच्या भिडेचं ओझं त्यांच्या गळ्यातून वर येताना मला अक्षरशः दिसलं.

"हो," ते म्हणाले. "येतो. हो म्हटलं ना! घे आता!"

मी फोन तिच्या कानाला धरला. मलाही सगळं ऐकू येत होतं.

"मिस ओस्बी, आम्ही तुम्हाला आमच्याकडे एक जागा—"

"हो."

"तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल तर—"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे वेळ नको, जागा हवी."

तो माणूस हसला, अभिनंदन म्हणाला, आणखी काहीतरी सांगायला लागला.

"मनापासून आभार," मारित म्हणाली. "पत्र पाठवाल का? मला आत्ता एका माणसाला उचलायचंय."

आम्ही ऑर्व्हिलना स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. मारित मागे चढली आणि ऑक्सिजन लावला. तिचे हात एकदम शांत होते. माझे नव्हते, मला किल्ली दोनदा सापडली नाही.

आमच्याकडे गावातून जाताना भोंगा वाजवत नाहीत. लोक दचकतात, आणि ज्याच्यासाठी वाजवला तो बरा झाल्यावर घरोघर माफी मागत फिरतो. मी हायवेपर्यंत नेहमी दिवे लावून गुपचूप जातो.

मागून मास्कच्या आडून ऑर्व्हिल म्हणाले, "एमिट, भोंगा नको हं. माझ्यासाठी उगाच लोकांना त्रास."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बटण दाबलं. मुख्य रस्त्यावरून आम्ही असे गेलो की बँकेच्या काचा थरथरल्या. लाव्हॉनच्या हॉटेलाची सगळी गिऱ्हाइकं टोप्या सावरत बाहेर आली. लाव्हॉन कॉफीचं भांडं हातात घेऊनच आली आणि मागे डॉक्टर ओक्वोसा, तोंडात घास. मी काच खाली करून अंगठा वर केला. लाव्हॉनने भांडं आर्नेच्या हातात दिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"एमिट," ऑर्व्हिल मागून ओरडले, "हे माझ्यासाठी आहे का?"

"नाही हो. हिच्यासाठी."

त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"मग ठीक आहे," म्हणाले. "आवाज याच्याहून मोठा नाही का होत?"